सिगारचे रॅपर कसे पारखावे: रंग, पोत, डाग आणि बांधणी

सिगार हातात घेतल्यावर डोळ्यांना दिसते ते फक्त सर्वांत वरचे पान. आत भरलेली तंबाखू, म्हणजे फिलर, आणि तिला आकारात धरून ठेवणारे बाइंडर ही दोन्ही झाकलेली असतात. हे वरचे पान म्हणजे रॅपर. वजनाच्या मानाने ते सिगारचा अगदी लहानसा भाग असते, परंतु पिकवायला, निवडायला आणि अखंड राखायला सर्वांत कठीण तेच असते, आणि म्हणून तोलामागे सर्वांत महागही. शेतात गारा पडल्या, वाळवताना घाई झाली, गुंडाळणाऱ्याचा हात चुकला किंवा नंतर साठवण बिघडली, तर त्याची खूण याच पानावर उमटते. मात्र प्रत्येक खूण दोषाची नसते. कोणती खूण निसर्गाची, कोणती कारागिराची आणि कोणती साठवणीची हे वेगळे करता आले, की पारख बरीचशी जमली असे समजावे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. येथे दर्जा हा शब्द शेती, प्रक्रिया आणि हातकाम यांच्याबद्दल वापरला आहे. सिगारच्या धुरामुळे तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचा कर्करोग होतो, आणि रॅपर कितीही निर्दोष असले तरी हा धोका तसूभरही कमी होत नाही.

उजेड आणि तयारी

पाहणी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ करावी. पिवळ्या दिव्याखाली फिकट पान तांबूस दिसते आणि गडद पानावरचे डाग लपून जातात. आधी सिगार उजेडासमोर सरळ धरून रंग पाहावा, मग उजेड तिरका पडेल असा कलवून पृष्ठभाग पाहावा, कारण उंचवटे, सुरकुत्या आणि सांधे तिरक्या उजेडातच उठून दिसतात. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ असावे. डागांच्या बाबतीत नुसत्या डोळ्यांवर विसंबणे बरे नव्हे. सिगार सेलोफेनमध्ये असेल तर ते काढण्यापूर्वी त्याचाही रंग पाहावा. पानातील तेलांमुळे ते वर्षानुवर्षे हळूहळू पिवळसर तपकिरी होत जाते, त्यामुळे पिवळटलेले सेलोफेन हा दोष नसून सिगार बराच काळ मुरल्याची खूण असते.

रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

रंगांची नावे बहुतेक स्पॅनिश आहेत. सर्वांत फिकट आणि हिरवट ते कँडेला, त्यानंतर फिकट पिवळसर तपकिरी क्लारो, मग तांबूस तपकिरी कोलोरादो, पुढे गडद तपकिरी मादुरो आणि जवळजवळ काळे ते ओस्कुरो. या पायऱ्यांच्या मध्ये कोलोरादो क्लारो आणि कोलोरादो मादुरो अशा उपछटाही मानल्या जातात. मादुरो या शब्दाचा अर्थच पिकलेला असा आहे.

हा रंग कसा येतो हे समजून घेतले, तर पुढच्या अनेक खुणा आपोआप उलगडतात. तोडलेले हिरवे पान कोठारात टांगले की त्यातील ओल हळूहळू कमी होते, पण पेशी काही दिवस जिवंत राहतात, आणि त्या अवधीतच हिरवे रंगद्रव्य मोडत जाऊन पान आधी पिवळे आणि मग तपकिरी होते. ही हवेवरची वाळवण साधारण सहा ते आठ आठवडे चालते. नंतर पानांना किंचित ओलावा देऊन त्यांच्या मोठ्या थप्प्या रचतात. या थप्प्यांना पिलोन म्हणतात. थप्पीच्या स्वतःच्या भाराने आणि ओलाव्याने आत उष्णता निर्माण होते, अमोनियाचा उग्र दर्प बाहेर पडतो, आणि ठराविक तापमान गाठले की थप्पी मोडून आतली पाने बाहेर व बाहेरची आत अशी पुन्हा रचली जाते. मादुरोसाठी जाड, दणकट पान घेऊन ही आंबवण अधिक काळ आणि अधिक उष्णतेत केली जाते. तलम पान तेवढा ताण सोसत नाही, त्याच्या चिंध्या होतात. कँडेलाचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. तेथे कोठारात उष्णता देऊन पान काही दिवसांतच वाळवतात, पेशी लवकर मरतात आणि हिरवा रंग आहे तसाच पानात राहून जातो.

म्हणजे रंगावरून पान कोणत्या प्रक्रियेतून गेले याचा अंदाज बांधता येतो. सिगार किती कडक असेल हे मात्र रंग सांगत नाही. गडद म्हणजे जहाल आणि फिकट म्हणजे सौम्य हा समज फार खोलवर रुजलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. कडकपणा मुख्यतः आतल्या मिश्रणावर आणि त्यातली पाने रोपाच्या कोणत्या उंचीवरून तोडली यावर ठरतो. शेंड्याकडच्या पानांना अधिक ऊन मिळते, ती अधिक जाड आणि तीव्र असतात. बुडाकडची पातळ आणि सौम्य असतात. दीर्घ आंबवणीतून आलेले मादुरो पान पुष्कळदा गोडसर आणि मवाळ लागते.

रंगाच्या बाबतीत छटेपेक्षा तिचा एकसारखेपणा पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सावलीत वाढवलेल्या फिकट पानावर रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा असावा. तेथे ढगाळ चट्टे दिसले, तर निवड करणाऱ्याने ढिलाई केली असे म्हणता येते. ब्रॉडलीफसारख्या उन्हात वाढलेल्या जाड पानावर गडद आणि अधिक गडद असे पट्टे असणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल तक्रार करू नये.

उलट, गडद रंग फारच एकसारखा असेल तर सावध व्हावे. मला एकदा भेट म्हणून मिळालेला सिगार बुटाला पॉलिश करावे तसा काळाभोर होता. शिरांचाही रंग आजूबाजूच्या पानापेक्षा वेगळा नव्हता. हातात पाचेक मिनिटे धरल्यावर अंगठ्यावर आणि तर्जनीवर शाईसारखा डाग उमटला. ओल्या पांढऱ्या कागदाने पुसले तेव्हा कागद काळा झाला आणि पुसलेल्या जागी खालचे साधे तपकिरी पान दिसू लागले. त्या पानाला वरून रंग दिला होता. ही चाचणी कोणालाही करता येईल, पण तिचा अर्थ नीट लावावा. अस्सल मादुरो पानही ओल्या कागदावर फिकट तपकिरी रंग सोडते. कागद काळा होणे आणि पान उघडे पडणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तरच रंग दिल्याचा संशय धरावा.

एकसारखेपणाचे आणखी एक कारण असू शकते. यंत्रावर बनणाऱ्या अनेक स्वस्त सिगारांचे आवरण हे पानच नसते. तंबाखूची भुकटी, पाणी आणि डिंकासारखे पदार्थ यांचा लगदा पातळ पसरून, वाळवून कागदासारखी पट्टी तयार करतात आणि तीच गुंडाळतात. भिंगाखाली अशा आवरणात खऱ्या शिरांचे जाळे सापडत नाही. शिरा दिसल्याच तर त्या साच्याने उठवलेल्या असतात आणि ठराविक अंतरावर तशाच्या तशा पुन्हा येतात.

पोत: जात ओळखल्याशिवाय नावे ठेवू नयेत

रंगानंतर पृष्ठभाग पाहावा. मला स्वतःला रंगापेक्षा पोत अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात लपवाछपवी करणे कठीण असते. पण त्यासाठी आपल्यापुढे कोणत्या जातीचे आणि कोणत्या प्रदेशाचे पान आहे, हे आधी माहीत हवे.

अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात १९०० च्या सुमारास तंबाखूच्या शेतांवर कापडाचे मांडव घालून पीक घेण्यास सुरुवात झाली. मांडवाखाली ऊन गाळून येते, पान रुंद, तलम आणि बारीक शिरांचे होते. कनेक्टिकट शेड या नावाने ओळखले जाणारे हे पान रेशमासारखे गुळगुळीत असावे, आणि त्यावर ठळक शीर दिसली तर ती उणीव मानावी. इक्वेडोरमध्ये कापडाचे काम ढगच करतात. अँडीजच्या पायथ्याशी बहुतेक काळ आभाळ झाकलेले असते, त्यामुळे तेथले पानही नितळ येते. कॅमेरून आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथून येणारे कॅमेरून पान पातळ असूनही दाणेदार असते. मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातील पान जाड, खरबरीत आणि गडद असते. कनेक्टिकट ब्रॉडलीफ उघड्या उन्हात वाढते, अख्ख्या रोपासकट कापले जाते, आणि त्याच्या ठसठशीत शिरा ही त्याची जातच आहे. ब्रॉडलीफला कनेक्टिकट शेडचा निकष लावणे म्हणजे घोंगडीला तलम साडीच्या मापाने मोजणे होय.

दाणेदारपणा, ज्याला इंग्रजीत दात या अर्थाचा शब्द वापरतात, तो पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म उंचवट्यांमुळे येतो. बोटाचे टोक अगदी हलक्या हाताने फिरवले तर बारीक पॉलिश कागदासारखा स्पर्श जाणवतो. हे उंचवटे दोष नाहीत. पानात तेल चांगले असल्याचे ते लक्षण मानले जाते.

तेलाची चकाकी तिरक्या उजेडात पाहावी. निरोगी पानावर ती मंद आणि आतून आल्यासारखी दिसते, नुकत्याच हाताळलेल्या चामड्यासारखी. वरून फासल्यासारखी चमक वेगळी कळते, आणि चकाकी मुळीच नसून पान राखट, कोरडे दिसत असेल, तर सिगार बहुधा कोरड्या हवेत पडून त्याची तेले उडून गेलेली असतात. असा सिगार पुन्हा ओलाव्यात ठेवला तर मऊ होतो, परंतु गेलेली तेले परत येत नाहीत.

डाग

सर्वांत जास्त गैरसमज डागांबद्दल आहेत, म्हणून येथे थोडे सावकाश थांबू.

हिरवा डाग हा वाळवणीतला अपघात असतो. पानाचा एखादा भाग आजूबाजूच्या भागापेक्षा लवकर सुकला, तेथल्या पेशी रंगद्रव्य मोडण्याआधीच मेल्या आणि हिरवा ठिपका कायमचा राहिला. कँडेलात जे मुद्दाम केले जाते, तेच येथे अनवधानाने एका ठिपक्यापुरते घडते. चवीवर त्याचा परिणाम होत नाही.

पिवळसर किंवा फिकट ठिपके वेगवेगळ्या कारणांनी येतात. पानावर थेंब राहून त्या जागी पडलेला पाण्याचा डाग कडेला अस्पष्ट असतो. वाटोळा, मध्यभागी पांढुरका आणि भोवती गडद कडा असलेला, बेडकाच्या डोळ्यासारखा ठिपका मात्र सर्कोस्पोरा या बुरशीमुळे शेतातच उभ्या रोपावर झालेला असतो. रोगाचा अंश येथे वाळवण आणि आंबवण यांतून गेलेला असतो, म्हणून तयार सिगारवर तो फक्त दिसण्यातला उणेपणा ठरतो. शेतातल्या रोगांची खरी झळ डागांपलीकडची असते. १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीच्या साथीने क्युबातील तंबाखूचे पीक मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केले, आणि त्यानंतर तेथे कोरोहो या नामांकित रॅपर वाणाच्या जागी रोगाला तोंड देणारे संकरित वाण आणण्याचे प्रयत्न झाले. पिनार देल रिओ प्रांतातील एल कोरोहो या मळ्यावरून ज्याला नाव मिळाले, ते हे वाण.

आता साठवणीतले डाग. पांढरी, राखाडी किंवा निळसर हिरवी, पृष्ठभागावरून वर उठलेली, केसाळ आणि वाटोळ्या पुंजक्यांनी पसरणारी वस्तू दिसली, तर ती बुरशी आहे. भिंगाखाली तिचे तंतू दिसतात. बुरशी आणि तेलांचे स्फटिक यांत फरक असतो आणि पांढरी पूड हे उत्तम मुरलेल्या सिगारचे लक्षण असते, असे अनेक विक्रेते सांगतात; पण तंतू दिसत असतील तर कोणाचेही आश्वासन मानू नये. पेटवायचे टोक न चुकता तपासावे. तेथे पानांच्या घड्यांत बुरशी शिरली असेल, तर ती पुसून निघत नाही आणि तो सिगार टाकून देणेच योग्य.

वाटोळे, टाचणीने पाडल्यासारखे छिद्र हे तंबाखूच्या भुंग्याचे काम असते. हा तांबूस तपकिरी कीटक दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा असतो. त्याची अंडी पानात दडून राहतात, आणि तापमान साधारण २४ अंश सेल्सियसच्या वर टिकून राहिले की अळ्या बाहेर येऊन आतून तंबाखू खात सुटतात. म्हणून छिद्र दिसते तेव्हा आतले नुकसान आधीच झालेले असते. छिद्राजवळ बारीक भुकटी सापडली तर शंका उरत नाही. असा एक सिगार सापडला की शेजारचे सगळे सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस गोठणपेटीत, मग एक दिवस साध्या शीतकपाटात ठेवावेत आणि त्यानंतरच बाहेर काढावेत. थेट गोठणपेटीतून उबदार हवेत आणले, तर रॅपर तडकते.

गुंडाळणी

रॅपरसाठी पानाची मधली जाड शीर काढून टाकतात आणि पानाचे डावे व उजवे असे दोन अर्ध उरतात. दोन्हींतल्या शिरा विरुद्ध दिशांना कलत असल्यामुळे डावे अर्ध एका दिशेने आणि उजवे उलट दिशेने गुंडाळावे लागते. शिरांची उठावदार बाजू आत जाते, आणि कुशल कारागीर पान अशा कोनात लावतो की उरलेल्या बारीक शिरा सिगारच्या लांबीला जवळजवळ समांतर येतात. शिरा आडव्या, कड्यासारख्या फिरलेल्या दिसल्या तर कोन चुकला आहे.

सिगार बोटांत फिरवत रॅपरचा सांधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांनी गाठावा. चढत जाणाऱ्या वळशांचे अंतर सारखे असावे, कड उचललेली नसावी, वळशांमध्ये फट नसावी आणि पान इतके ताणलेले नसावे की आतल्या तंबाखूचे उंचवटे बाहेर उमटतील. सैल गुंडाळलेल्या पानावर आडव्या सुरकुत्या पडतात.

तोंडाकडच्या टोकावरची टोपी हा कारागिराच्या हाताचा उत्तम पुरावा असतो. क्युबन पद्धतीत पानाचे वेढे असे बसवतात की टोपीवर तीन बारीक रेषा दिसतात. ती चिकटवायला रंगहीन, बेचव वनस्पती-डिंक वापरतात. डिंकाचा चकचकीत ओघळ दिसला किंवा टोपी तिरकी बसली असेल, तर घाई झालेली असते. टोपीचा रंग उरलेल्या रॅपरहून वेगळा असेल, तर ती दुसऱ्या पानाच्या तुकड्यातून कापली आहे, एवढेच समजावे.

शेवटी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये सिगार हलकेच धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवावा. दाब अंड्याला लावावा एवढाच. एखाद्या ठिकाणी गाठीसारखा कठीणपणा लागला तर तेथे धूर अडतो. पोकळ मऊ जागा लागली तर तेथे सिगार तापतो आणि वाकडा जळतो. हे दोष भरणीतले आहेत, पण रॅपरवरचा फुगवटा किंवा खळगा त्यांची आधीच सूचना देतो. जो सिगार आपला नाही, तो असा चाचपू नये.

तडे

तड्याचे स्थान पाहिले की कारण बहुधा कळते. पेटवायच्या टोकापासून सुरू होऊन वर जाणारा उभा तडा म्हणजे आतली भरणी ओल्याने फुगली आणि पातळ रॅपरला तेवढे ताणता आले नाही. मधोमध अनेक बारीक तडे आणि कुरकुरीत स्पर्श म्हणजे सिगार कोरडा पडला. रॅपर पातळ असल्यामुळे भोवतालच्या हवेला ते सर्वांत आधी प्रतिसाद देते. दमट पेटीतून काढलेला सिगार कोरड्या हवेत नेला की पान आकसते, आतली तंबाखू मात्र फुगलेलीच राहते आणि पान फाटते. म्हणून साठवणीत सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवावी, आणि कोरडे पडलेले सिगार पूर्ववत आणताना कित्येक आठवडे लागू द्यावेत.

पेटी उघडल्यावर

एकट्या सिगारपेक्षा पूर्ण पेटी अधिक बोलते. चांगल्या कारखान्यात रंगनिवड करणारे अनुभवी कामगार तयार सिगार टेबलावर पसरून डझनावारी छटांमध्ये विभागतात, आणि मग एका पेटीत जवळच्या छटांचेच सिगार भरतात. क्युबन परंपरेत गडद सिगार डावीकडे ठेवून उजवीकडे क्रमाने फिकट होत जातात. हा फरक इतका सूक्ष्म असतो की शेजारच्या दोघांत तो कळत नाही, पहिल्या आणि शेवटच्यात मात्र कळतो. एका थरात मधेच वेगळ्याच छटेचा सिगार आला असेल, तर पेटी कोणीतरी उघडून अदलाबदल केली असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

पेटल्यानंतरची खातरजमा

डोळ्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर होता की नाही हे जळताना कळते. जाड, तेलकट रॅपर आतल्या तंबाखूपेक्षा सावकाश जळते, म्हणून पहिल्या काही मिनिटांतली वाकडी कड लगेच दोष मानू नये. ती पुढेही सुधारली नाही, तर मात्र गुंडाळणी किंवा पानाची जळणक्षमता यांत खोट आहे. पोटॅशियम भरपूर असलेले पान नीट जळते आणि क्लोरीनचा अंश वाढला की विझू लागते, म्हणून जाणते शेतकरी पोटॅशियम सल्फेटचे खत देतात, क्लोराइडचे टाळतात. राखेकडेही भिंगातून पाहावे. दाणेदार रॅपर जळून गेल्यावर त्याचे ते सूक्ष्म उंचवटे राखेवर पांढऱ्या रव्यासारखे तसेच उभे दिसतात, आणि कॅमेरून पानाच्या राखेवर ते सर्वांत स्पष्ट मोजता येतात.